टोकन देण्याआधीचा अर्धा तास: नोंदणी विभागाची मोफत ई-सर्च

नाशिकमध्ये घर शोधणाऱ्याकडे दोन गोष्टी हमखास असतात: दोन-चार दलालांचे नंबर आणि देवाला बोललेला नवस. गंगापूर रोडला नवश्या गणपतीपुढे नारळ ठेवणारा असो की नाशिकरोडला बाळ येशूपुढे मेणबत्ती लावणारा, मागणं एकच असतं. ऐपतीतलं, तंट्याबखेड्याशिवायचं घर मिळू दे. अशा माणसाच्या हाती सरकारने दिलेली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाची विनाशुल्क ई-सर्च, म्हणजे घराजमिनीचे नोंदवलेले दस्त घरबसल्या शोधायचं संकेतस्थळ. तिचं हे परीक्षण.

आधी ती लागते कुठे ते बघू. दलालाचं हत्यार घाई. ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, निदान एकवीस हजार टाकून ठेवा.’ देवावर भार टाकलेल्या माणसाला खरं तर या वाक्याने घाम फुटायला नको. आपल्या नशिबातलं घर एका रात्रीत जात नाही असं तोच चार जणांना सांगत असतो. घडतं मात्र उलटं. फ्लॅट आवडला, त्याच दिवशी गुरुपुष्य निघाला, आत शिरताच देव्हाऱ्यात समई तेवताना दिसली, की ‘हाच संकेत’ म्हणून हात खिशाकडे जातो. भरवसा खरा असेल तर तो इथे अर्धा तास थांबायला उपयोगी पडावा.

सेवा उघडायला खातं लागत नाही, पैसेही लागत नाहीत. मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि शहरी भाग असे पर्याय येतात. नाशिकसाठी उर्वरित महाराष्ट्र घ्या, मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक. गावापाशी निम्मे लोक अडकतात, कारण यादीत इंदिरानगर नाही, गंगापूर रोड नाही, कॉलेज रोडही नाही. तिथे महसुली शिवाराचं नाव लागतं: आनंदवल्ली, पाथर्डी, वडाळा, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, देवळाली. वीजबिलावर ते मिळणार नाही. विकणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या खरेदीखताचं पहिलं-दुसरं पान मागा. शिवार, सर्व्हे किंवा गट नंबर आणि प्लॉट नंबर तिथे असतात. हे पान दाखवायलाच जो आढेवेढे घेतो, त्याच्याबाबत पुढचा शोध घेण्याची गरज उरत नाही.

मिळकत क्रमांकात आधी फक्त मुख्य आकडा टाका. सर्व्हे नंबर ३०१/१/२ असेल तर ‘३०१’. नोंदी भरणाऱ्यांनी कुठे तिरकी रेघ, कुठे आडवी, कुठे ‘अ’ तर कुठे ‘ए’ असा मनमुराद कारभार केलेला असल्याने पूर्ण क्रमांक टाकला की ‘नोंद आढळली नाही’ येतं आणि माणूस निर्धास्त होतो. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. प्लॉट नंबर टाकून पुन्हा शोधा. चित्रातली अक्षरं (कॅप्चा) पहिल्यांदा बरोबर टाकली तरी नवी येतात, दुसऱ्यांदा टाकल्यावर यादी उघडते. ही खोड आहे, तुमची चूक नव्हे. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं, हा या सेवेतला खरा त्रास. पंधरा वर्षांची इमारत म्हणजे पंधरा फेऱ्या. संगणकावर बसा, मोबाइलवर जीव जातो. पॉप-अप चालू ठेवा, नाहीतर ‘सूची क्रमांक दोन’चं, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्याचं, बटण दाबून काहीच होत नाही.

सूची-दोन हाती आली की वाचायचं काय? विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणारा, घेणारा आणि दोन तारखा, दस्त केल्याची व नोंदवल्याची. शेवटच्या खरेदीखतात घेणारा म्हणून ज्याचं नाव आहे, तोच आज तुम्हाला विकतोय का, हा पहिला प्रश्न. मधे मृत्यू झाला असेल तर वारसांची नावं आणि बहिणींची हक्कसोडपत्रं शोधा. वडिलांच्या घरात बहिणींच्या सह्या राहून गेल्याने पुढे दावे उभे राहतात. कुलमुखत्यारपत्रावर विक्री चालली असेल तर मूळ मालकाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. गहाणखत दिसलं आणि त्यापुढे गहाणमुक्तीची नोंद नसेल, तर बँकेकडून कर्जफेडीचं पत्र मागा. असा दस्त सापडला की भाविक घरात ‘विघ्न आलं’ म्हणतात आणि शांती करायला निघतात. रोज दिवा लावून जे विचारत होतो, त्याचंच उत्तर पडद्यावर आलेलं असू शकतं, हे कोणी म्हणत नाही.

भावासाठी ही सेवा सोनं आहे. त्याच इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढा, मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. म्हणजे ६० चौ.मी. हे सुमारे ६४६ चौ.फू. मात्र ते चटई (कार्पेट) की बांधीव (बिल्ट-अप), हे सूचीत पाहून घ्या. एका दस्तात चटई आणि दुसऱ्यात बांधीव धरून केलेली तुलना फसवी. भाड्याने घेणाऱ्यांनाही हाच मार्ग: नोंदवलेले लिव्ह अँड लायसन्स करार इथे दिसतात, शेजारच्या फ्लॅटचं भाडं कळतं. आणि ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे खोटं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

आता ई-सर्च काय दाखवत नाही ते. साधारण २००२ च्या आधीचे दस्त ऑनलाइन नाहीत. जुन्या नाशकातला वाडा किंवा पंचवटीतलं घर घेत असाल तर वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध काढल्याशिवाय गत्यंतर नाही. नोटरीसमोर केलेली साठेखतं (विक्रीचे करार) दिसत नाहीत. कोर्टातला दावा कोणी मुद्दाम नोंदवला असेल तरच दिसतो. पूररेषा तर नाहीच. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून गोदेचा पूर मोजणाऱ्या शहरात निळ्या आणि लाल रेषेची चौकशी महापालिकेच्या नगररचना विभागातच करावी लागते. नासर्डी आणि वाघाडीच्या काठालाही तोच नियम. तपोवनाच्या बाजूला साधुग्रामाचं आरक्षण आहे, तिथला स्वस्त प्लॉट स्वस्त का आहे ते नगररचनेच्या भाग नकाशात दिसतं.

इमारतीचा पूर्णत्वाचा दाखलाही (कंप्लिशन सर्टिफिकेट) इथे मिळत नाही, आणि नाशिकमध्ये तो विचारायलाच हवा. कपाटांची जागा चटईक्षेत्र निर्देशांकात (एफएसआय) धरायची की नाही, या वादात इथल्या अनेक इमारतींचे दाखले अडकले होते. घर सुंदर, ओट्याला ग्रॅनाइट, आणि दाखला नाही म्हणून कर्ज नाही, असा प्रकार होतो. नव्या बांधकामासाठी महारेराचं, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संकेतस्थळ जोडीला ठेवा. आठपेक्षा जास्त सदनिका आणि ५०० चौ.मी. हून मोठा भूखंड, दोन्ही असेल तर तिथे नोंदणी सक्तीची, आणि करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

मुहूर्त साधायचाच असेल तर दसऱ्याला घरी पूजा करा, पैसे मागाहून द्या. टोकन दिलंच तर ते चेकने किंवा बँकेतून. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. पावतीवर एक ओळ लिहून घ्या: ‘मालकीहक्क निर्वेध नसल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास ही रक्कम पंधरा दिवसांत पूर्ण परत केली जाईल.’ ही ओळ लिहायला नकार मिळाला तर नमस्कार करून उठायचं.

सेवेला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण वर्षावर्षाच्या फेऱ्यांसाठी कापला, एक पूर्ण गुण मिळकत क्रमांकाच्या गोंधळासाठी, कारण त्यातून खोटा दिलासा मिळतो. पडद्यावरची सूची माहितीपुरती आहे. बँकेला किंवा कोर्टात दाखवायला शुल्क भरून सही-शिक्क्याची प्रत काढावी लागते. दिवसा संकेतस्थळ रखडत असेल तर रात्री जेवणं झाल्यावर बसा, आणि प्रत्येक वर्षाची यादी उघडली की लगेच जतन करून ठेवा.