एनआरआय डेस्क, नागपूर: खातं उघडायला पाच स्टार, चालवायला दोन

आधीच सांगून टाकते, बँकांची नावं लिहिणार नाहीये. एक तर शाखेतला माणूस बदलला की अख्खा अनुभव बदलतो, धरमपेठेत जे काम दहा मिनिटांत होऊन जाते तेच त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत "हेड ऑफिसला मेल टाकावा लागेल" वर येऊन थांबते. आणि दुसरं म्हणजे हा एका बँकेचा रिव्ह्यू नाहीच, एनआरआय सर्व्हिस म्हणून जे काही आपल्या नागपुरात मिळते त्याचा आहे. माझी दोन बँकांत खाती, एक खासगी जिथे आधी पगार यायचा, एक सरकारी जे कॉलेजात असताना बाबांनी उघडून दिलं होतं. 2021 पासून मी फ्रँकफर्टजवळ राहून राहिली, आईबाबा प्रतापनगरला, मनीषनगरला एक वन बीएचके भाड्याने दिलेला. म्हणजे खाती बंद करून मोकळं होण्यासारखं नाही, सोसायटीचा मेंटेनन्स, महावितरण, महापालिकेचा टॅक्स, भाडं, सगळं रुपयातच चालते.

पहिली गोष्ट जी इथे अर्ध्या लोकांना माहीत नसते आणि बाकीच्या अर्ध्यांना माहीत असून ते करत नाहीत. नोकरीसाठी बाहेर गेलात की तुमचं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमाने ते एनआरओ करून घ्यावं लागते. "बँकेला कोण सांगून राहिलं बे" म्हणणारे माझ्याही ओळखीत आहेत, त्यांचं त्यांनी पाहावं. एनआरओ म्हणजे भारतातली कमाई, भाडं, डिव्हिडंड, आधीचे पैसे ठेवायचं खातं. एनआरई म्हणजे बाहेरून पाठवलेले पैसे, जे केव्हाही परत बाहेर नेता येतात. एनआरईमध्ये इथली रोख भरता येत नाही, हे बाबांना कळायला वेळ लागला. मावसभावाच्या लग्नानंतर मावशीनं माझ्या नावाचं पाकीट दिलं ते घेऊन बाबा बँकेत गेले एनआरईत भरायला, काउंटरवरच्या मुलीनं नाही म्हटलं तर घरी येऊन मलाच फोन, "तुझ्या खात्यात पैसे घ्यायलाही नाही म्हणते का बँक आता, काय बाप्पा!"

तर उघडण्याबद्दल. खासगी बँकेला खरंच पाच स्टार. मी डिसेंबरात आली होती, आणि नागपुरात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन, सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, सीताबर्डीत मोर्चा, गाडी घेऊन कुठे जायची सोय नाही, शेवटी मेट्रोनं गेली. पण शाखेत एक मॅडम होत्या, त्यांनी पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, पॅन आणि जर्मनीच्या पत्त्याचा कागद, एवढंच आधी व्हॉट्सॲपवर मागवून तपासून ठेवलं होतं. माझा पत्त्याचा कागद म्हणजे आनमेल्डुंग, तिथल्या महापालिकेत नोंद केल्याचा, सगळा जर्मनमध्ये. त्यांनी पाहिल्या पाहिल्याच सांगितलं की याचं इंग्रजी भाषांतर लागेल, घेऊनच या, म्हणून एक चक्कर वाचली. जुनं खातं एनआरओ झालं, नंबर तोच राहिला, शेजारी एनआरई उघडलं, बाबांना दोन्हीवर सही करायचा अधिकार दिला. इथे एक बारीक गंमत आहे. एनआरईत भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाईकाला जोडता येते पण ते "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीनं, म्हणजे मी आहे तोवर जॉइंट होल्डर म्हणून बाबा काही करू शकत नाहीत. त्यांनी खातं चालवायचं असेल तर वेगळं मँडेट, म्हणजे लेखी अधिकारपत्र द्यावं लागते आणि त्यावरही ते इथली बिलं वगैरेच भरू शकतात. मॅडमनी हे बाबांना इतकं नीट समजावलं की नाही विचारता. वरून म्हणाल्या, "काका, उन्हाळ्यात काही लागलं तर तुम्ही येऊ नका, मी माणूस पाठवते." आणि मे महिन्यात खरंच पाठवला.

मग त्यांची बदली झाली, आणि इथून पुढे दोन स्टार.

सगळ्यात मोठी डोकेदुखी ओटीपी. बँकेची वेबसाइट, ॲप, कार्ड, सगळ्याचा जीव त्या एका भारतीय नंबरात. एनआरआय लोकांना परदेशी नंबरवर यूपीआय द्यायचं ते चालवणाऱ्या एनपीसीआयनं 2023 च्या जानेवारीत सुरू केलं, त्यात अमेरिका, कॅनडा, यूके, यूएई, सिंगापूर असे दहा देश होते, जर्मनी नव्हता. माझा भाऊ दुबईत, तो तिथल्या नंबरवरून आईच्या भाजीवाल्याला पैसे टाकते आणि मी जर्मनीत बसून ओटीपीची वाट पाहते. जर्मन नंबर बँकेत रजिस्टर करता येतो, केलाही, पण त्यावर कधी मेसेज येतो कधी येत नाही, आणि कस्टमर केअरवाल्याचं उत्तर ठरलेलं, "मॅम, नेटवर्क इश्यू होगा."

म्हणून भारतीय सिम जिवंत ठेवणं आलं. 90 दिवस त्यावर कॉल, मेसेज, डेटा, रिचार्ज काहीच झालं नाही तर नंबर जाऊ शकतो, आणि गेलेला नंबर काही दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळते, मग तुमच्या बँकेचे मेसेज हिंगण्याच्या एखाद्या माणसाच्या खिशात. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, जर्मनीतून चालू करायला गेलात तर त्याचाच ओटीपी त्याच नंबरवर येते जो चालू नाही. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत मात्र सिम बापाच्या फोनमध्ये असते. जर्मनीत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार, मी ऑफिसातून सुटली की बाबा झोपायच्या तयारीत, मग फोनवर "आठ... दोन... थांब, चष्मा कुठे ठेवला," तोवर वेळ संपलेली. बँक जाहिरात करते की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि एनआरआय बँकिंगचा अर्धा कारभार वडिलांनी मुलांना ओटीपी वाचून दाखवण्यावर चालू आहे, हे कुणी बोलत नाही. मी सिम आता माझ्याजवळच ठेवते, दुसऱ्या स्लॉटमध्ये. रोमिंगवर माझे एसएमएस फुकट येतात, फक्त तिथे कुणाचा कॉल चुकूनही उचलत नाही.

दुसरी डोकेदुखी री-केवायसी, म्हणजे ओळखीचे-पत्त्याचे कागद पुन्हा देणं. एक दिवस ॲपमध्ये लाल पट्टी, केवायसी ड्यू. व्हिडिओ केवायसीचं बटण समोरच दिसते म्हणून दाबलं, लोकेशन मागितलं, आणि संपलं, कारण त्या कॉलच्या वेळी माणूस भारतातच पाहिजे असा आरबीआयचा नियमच आहे. नियमाबद्दल तक्रार नाही, पण एनआरआय खात्याच्या ॲपमध्ये ते बटण देता कशाला? मग कागद पाठवा, ते दूतावासाकडून किंवा नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या परदेशातल्या शाखेतून साक्षांकित करून. तेवढंही केलं, कुरिअर केला, शाखेत पोचल्याची पावती आहे, आणि तरी खात्यातून पैसे निघणं बंद. बाबा गेले तर नवीन साहेब म्हणाले, "मॅडम को ही आना पडेगा." फ्रँकफर्टवरून. सहीसाठी.

त्याच साहेबांचा फोन मात्र मला न चुकता यायचा. रिलेशनशिप मॅनेजर (आरएम) म्हणून. री-केवायसीचं विचारलं की "चेक करके बताता हूँ" आणि पुढच्याच वाक्यात गॅरंटीड रिटर्नवाला इन्शुरन्स. तुमच्या एनआरई खात्यात जरा बरी रक्कम दिसली की हा माणूस वराती मागून घोडं नाही तर घोड्याच्याही पुढे वाजंत्री घेऊन येतो. काहीही घेऊ नका. पैसे ठेवायचेच असतील तर साधी एनआरई एफडी, किमान एक वर्षाची, तिच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही.

भारतात नाही, एवढंच हं. आरएम लोक "टोटली टॅक्स फ्री मॅम" म्हणून विकतात, पण जर्मनीत राहणाऱ्याला जगभरचं व्याज तिथे दाखवावं लागते, 2023 पासून एकट्या माणसाला वर्षाला 1000 युरोपर्यंतच्या भांडवली उत्पन्नाला सूट आहे, त्याच्या वरच्या रकमेवर टॅक्स. अमेरिकावाल्यांचं वेगळं, सगळी परदेशी खाती मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म भरा. एनआरओच्या व्याजावर तर बँक पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि सेस मिळून 31.2 टक्के कापते. दोन्ही देशांतल्या कर करारामुळे जर्मनीवाल्यांना ते 10 टक्क्यांवर आणता येते पण त्यासाठी तिथल्या टॅक्स ऑफिसचं रेसिडेन्सी सर्टिफिकेट दरवर्षी द्या, आणि माझ्या शाखेनं ते एकदा हरवून दाखवलं. भाड्याचंही तसंच, 50 हजारांच्या आत भाडं म्हणून टीडीएस नाही असं भाडेकरूला वाटते, तो नियम भारतात राहणाऱ्या घरमालकाचा, आपल्या भाड्यातून त्यानं कापलाच पाहिजे. माझा भाडेकरू हे ऐकून इतका घाबरला की घर सोडतो म्हणे. शेवटी रामदासपेठेतल्या सीएनं त्याला बसवून समजावलं. एनआरओतून पैसे बाहेर न्यायलाही हाच सीए लागतो. वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, तेवढे आपल्याकडे कुठले, पण सर्टिफिकेट आणि फॉर्म छोट्या रकमेलाही मागतात.

क्रेडिट कार्डाबद्दल लोक खूप विचारतात. जुनं कार्ड बँकेनं एनआरआय झाल्यावर बंद केलं आणि एफडीवर दुसरं दिलं, लिमिट एफडीच्या रकमेपेक्षा थोडं कमी. ते घ्या, मी म्हणेन जरूर घ्या. तिकडून आईबाबांसाठी काही मागवायचं, रेल्वेचं तिकीट काढायचं, डायग्नोस्टिक सेंटरचं बिल भरायचं तर जर्मन कार्ड इथल्या साइटवर निम्म्या वेळा अडकते, रुपयाचं कार्ड चालून जाते. सिबिल पण जिवंत राहते, परत येऊन होम लोन घ्यायचा विचार असेल तर कामाचं. युरोपात मात्र ते काढू नका, साधारण साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी. आणि कपाटात ठेवूनही देऊ नका, वर्षभर वापरलं नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते, कळवलेलं त्याच नंबरवर येते ज्याबद्दल वर रडून झालं. माझ्या कार्डावर बाबांच्या मोबाइलचं बिल लावून ठेवलंय, 15,000 च्या आतलं ऑटो पेमेंट दर वेळी ओटीपी मागत नाही, एकदाच सेट करावं लागते. नवीन कार्ड फक्त भारतातल्या पत्त्यावर आलं, आईनं ते देवघरात ठेवलं होतं, असो.

सरकारी बँकेबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. एनआरओ करायला नंबर बदलला, पासबुक मशीन बंद, ॲप परदेशात उघडत नव्हतं. पण एक गोष्ट मानावी लागेल, तिथे अजून टेबलामागे माणूस आहे, विकायला काही येत नाही आणि बाबांशी मराठीत बोलते. दोन वर्षं काही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होते, दहा वर्षांनी पैसे आरबीआयच्या डीईए फंडात, म्हणजे बेवारस ठेवींच्या फंडात जातात. परत मिळतात, उद्गम पोर्टलवर शोधताही येतात, पण त्या भानगडीत कशाला पडा. मी एफडी मोडून ते खातं बंद करून टाकलं. दोन-दोन ठिकाणी केवायसी कोण करत बसणार.

खासगी बँकेचं अडकलेलं प्रकरण शेवटी कसं सुटलं ते सांगते कारण ते बाकीच्यांच्या कामाचं आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केली, नंबर घेतला, 30 दिवस काही उत्तर नाही, मग आरबीआयच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे. बाबा म्हणत होते, संविधान चौकात आरबीआयची एवढी मोठी बिल्डिंग आहे, मीच जाऊन अर्ज देऊन येतो. म्हटलं बाबा, त्याची गरज नाही, ऑनलाइन होते, कागदावरच पाठवायचं म्हटलं तरी ते चंदीगडला जाते. तक्रार नोंदली आणि थोड्याच दिवसांत बँकेतून फोन, यावेळी इन्शुरन्सचा शब्द नाही. खातं चालू. जे कागद आधी चालत नव्हते त्याच कागदांवर.

आता खातं ठेवावं का, तर ज्यांचं इथे घर आहे, भाडं येते, एफडी आहे किंवा परत यायचं आहे त्यांनी एका बँकेत एनआरई, एनआरओ आणि एफडीवरचं एक कार्ड, एवढंच ठेवा, आणि शाखा घराजवळची घ्या, ॲप कितीही चांगलं असलं तरी कुणीतरी चालत जाऊ शकेल अशी. आणि ज्यांना नुसते आईबाबांना महिन्याचे पैसे पाठवायचे आहेत त्यांनी हे काहीच करू नका, रेमिटन्स ॲपवरून थेट त्यांच्या खात्यात टाका, मुलांकडून आलेल्या पैशावर त्यांना टॅक्सही लागत नाही.