मायक्रोबिटएक्स किट: सेट झकास, पण माणसं त्याहून भारी

मागच्या दिवाळीत मायक्रोबिटएक्स या हॅम (हौशी) रेडिओच्या बोलायच्या-ऐकायच्या सेटचं किट घेतलं, व्हर्जन ६, टच स्क्रीनवालं. हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, व्हीयू२ईएसई) यांचं डिझाइन, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, साधारण १० वॉट, आवाज आणि मोर्स दोन्ही, आत आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि सर्किट सगळ्यांसाठी खुलं. जोडणी एका रविवारात झाली, रिसीव्ह एकदम छान, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

सांगायचंय ते पुढचं. परवाना आणि व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन मिळून दोन महिने झाले होते पण माइक दाबायची हिंमतच होत नव्हती, सकाळी ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) आपली मराठी मंडळी जमतात त्यांचं नुसतं ऐकत बसायचे. एके दिवशी मधे जरा शांतता झाली तशी धीर करून कॉलसाइन म्हटली. नेट (हवेवरची ही बैठक) चालवणारे काका लगेच म्हणाले, "थांबा थांबा, एक बारीक स्टेशन आहे, त्यांना आधी येऊ द्या." आणि सात-आठ स्टेशनं गप्प! माझ्यासाठी! मला रिपोर्ट मिळाला ४ बाय ३ (शब्द किती कळतात ते ५ पैकी, सिग्नलची ताकद ९ पैकी) आणि आवाज म्हणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "बीएफओला हात लावला होता का?" बीएफओ म्हणजे सेटमधली आवाजाचा सूर ठरवणारी फ्रिक्वेन्सी; तिला हात लावला होता, मीच, सेटिंग बघता बघता. मग वीस मिनिटं ते "थोडं खाली घ्या, आता बोला, परत बोला" करत राहिले, मडगावचं एक स्टेशन तिकडून आवाज कसा येतोय ते सांगत होतं, कोणी वैतागलं नाही की कोणी हसलं नाही. आवाज सुधारला, पण सिग्नल बारीकच.

"अँटेना तपासायला पाहिजे, रविवारी घरी आहात का?" असं साताऱ्याच्या एका काकांनी विचारलं आणि खरंच एसटीने कराडला आले, पिशवीत अँटेना अॅनालायझर! गच्चीवरचा माझा डायपोल (मधून दोन बाजूंना ताणलेली तारेची अँटेना) दर बाजूला १० मीटर ४० सेंटिमीटर होता, त्यामुळे तो ६.८५ मेगाहर्ट्झला ट्यून झाला होता. मी पक्कड घेऊन पुढे झाले तर म्हणाले, "कापू नको गं, दुमड. कापलेली तार परत जोडत बसावी लागते, दुमडलेली सोडता येते." मग दोन्ही टोकं थोडी थोडी मागे दुमडायची, झिप टाय लावायचा, दोरी ओढून तार परत वर चढवायची, अॅनालायझर बघायचा, असं चार वेळा. शेवटी दर बाजूला १० मीटर ५ सेंटिमीटर राहिलं आणि ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२ आला. आईने कांदेपोहे केले ते मात्र दोनदा घेतले, एसटीचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. तोवर त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं हो, फक्त कॉलसाइन.

सोमवारी सकाळी रिपोर्ट ५ बाय ७.

तर किट घ्या, बिनधास्त घ्या, पण परवाना आधी काढा. १० वॉटमध्ये लांबचं स्टेशन कधी लागतं कधी नाही, गर्दी असेल तर मोठ्या सेटखाली दबून जाता, ते धरून चाला. पैसे वाचले तर चांगल्या कोअॅक्समध्ये (सेट ते अँटेना जोडणारी केबल) घाला, आणि तार मोजून न घेता हातभर जास्तच घ्या, दुमडायला लागते.