काटा हलला नाही म्हणून फसलो

यंदा लग्नसराईच्या तोंडावर मी चार वापरलेले केग, एक कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर असा सेट 27,000 रुपयांना घेतला. बेळगावच्या शहापुरात आमचं लिंबू-सोड्याचं छोटं दुकान आहे. बाटलीतला सोडा पुरत नाही, म्हणून कोकम सोडा आणि आल्याचा सोडा केगमधून नळाला द्यायचा असा बेत होता.

केग म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांत लगेच बिअर दिसते. आमच्या आईलाही दिसली. पण हे 19 लिटरचे उभट स्टीलचे पिंप मुळात अमेरिकेत कोल्ड्रिंकच्या सिरपसाठी निघाले. घरी बिअर करणाऱ्यांनी ते नंतर उचलले. पेप्सीवाल्यांचे बॉल लॉक, कोकाकोलावाल्यांचे पिन लॉक. एकाचा जोड दुसऱ्याला बसत नाही. मला हेही तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि विकणाऱ्याला माझं तोंड बघूनच ते कळलं असणार.

निपाणीच्या अलीकडे हायवेला लागून त्याचं गोडाऊन. गोव्याच्या हॉटेलांतून निघालेला माल आहे म्हणाला. "भावा, समोर टेस्ट करून देतो, मग पैसे दे." केगमध्ये पाणी होतं. त्याने सिलिंडर जोडला, 60 पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) गॅस सोडला, झाकणावर साबणाचं पाणी ओतलं. एक बुडबुडा नाही. मग चहा मागवला. चहा संपेपर्यंत गेजचा काटा 60 वरून तसूभर हलला नाही. सिलिंडरचं मोठं गेजही भरलेलं दाखवत होतं. "नऊ किलो गॅस फुकट," म्हणाला. मी फोनवरून पैसे पाठवले. खात्यावर नाव भलत्याच माणसाचं आलं, तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं.

पहिल्याच रात्री दोन केग भरून फ्रिजमध्ये ठेवले, सिलिंडर चालू ठेवून झोपलो. सकाळी सिलिंडर रिकामा. मागची खोली बंद, आत गेल्या गेल्या डोकं जड झालं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. खिडकी नसलेल्या खोलीत हा उद्योग अजिबात करू नका.

त्याला फोन केला तर म्हणे, "गॅस पाण्यात मुरतो ओ, काटा पडणारच." हे खरंच आहे, गार पाण्यात गॅस भरपूर मुरतो. अर्धं खरं बोलणारा माणूस फार वाईट. मी पुन्हा सिलिंडर भरून आणला, दोन दिवसांत तोही संपला. तशात खानापूरच्या एका लग्नाची ऑर्डर. तिथं एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी ग्लास परत केला. "सरबत म्हणून द्या की ओ, सोडा कशाला म्हणताय?"

शेवटी केग टेम्पोत घालून उद्यमबागेत एका ओळखीच्या फिटरमामांकडे नेले. त्यांचा जन्म हायड्रॉलिकच्या कामात गेलेला. गेजच्या काट्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. केग रिकामा केला, गॅस भरला, सिलिंडर बंद करून पाइप काढून घेतला. मला म्हणाले, "तू बघितलास तेव्हा सिलिंडर चालू होता की बंद?" चालू होता. मग काटा पडेल कसा? जेवढा गॅस गळतो तेवढा रेग्युलेटर मागून भरतो. चहा संपेपर्यंत मी गळका केग नव्हे, चालू नळ बघत बसलो होतो.

दुसरी गंमत 60 पीएसआयची. या केगचं झाकण आतून बसतं. आत दाब जितका जास्त, तितकं ते रबरी रिंगेवर घट्ट दाबलं जातं. म्हणून 60 ला गप्प राहणारं झाकण कमी दाबाला फुसफुसतं. मामांनी दाब आठवर आणला आणि झाकणाच्या कडेने साबणाचा फेस असा उठला, की दूध उतू जातंय वाटावं. रिंग काढली तर तेलकट, फुगून ढिली पडलेली. पेट्रोलियम जेली चोपडली होती. काही जातीचं रबर त्याने फुगून जातं. खाण्याच्या वस्तूला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावायचं असतं, तेही बोटावर घेऊन अगदी पुसट.

मग गॅस आत जायचं आणि सोडा बाहेर यायचं अशा दोन्ही तोंडांच्या बुडाशी साबण लावला. एकाच्या खालून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, थांबून थांबून. "इल्लिंद होंटैती नोड्री," मामांचा कारागीर कानडीत म्हणाला, म्हणजे इथून निघतंय बघा. आतल्या नळीवरची बारकी रिंग वाळून कडक झाली होती. हे सगळं शंभर-दोनशे रुपयांच्या रिंगांत सुटणारं होतं, त्याची तक्रार मी केली नसती.

पण चौथा केग तरीही रात्रीतून रिकामा व्हायचा. मामांनी त्याच्या बुडाचं काळं रबर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. आत वेल्डिंगच्या रेषेवर राखाडी पुट्टीचं बोटभर लिंपण, वरून चंदेरी रंग. नखाने खरवडल्यावर खाली केसासारखी चीर दिसली. वापरून झिजलेला माल विकणं वेगळं. हे कुणीतरी बसून, रंग वाळायची वाट बघून केलेलं काम होतं.

सिलिंडरचं तर मला स्वतःलाच हसू येतं. आत गॅस पातळ होऊन असतो. ते पातळ थोडं जरी शिल्लक असलं तरी दाब तेवढाच राहतो, 25 अंशांना साधारण 900 पीएसआयच्या वर. म्हणजे गेज भरलेलं दाखवतं ते नऊ किलोलाही आणि चारलाही. सिलिंडर तोलूनच घ्यायचा. मानेवर रिकामं वजन ठोकलेलं असतं, माझ्यावर 16.8 किलो होतं. घेतला त्या दिवशी टेम्पोवाल्याने भाडं ठरवायला काट्यावर टाकला होता, त्याच्या चिठ्ठीवर 20.9. ती चिठ्ठी खिशात घेऊन मी दोन दिवस फिरत होतो. मानेवर तपासणीचा महिना-वर्षही असतं, ते बघणं राहूनच गेलं.

रेग्युलेटरच्या जोडाला विकणाऱ्याने टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. तिथं गॅस आट्यांवर अडत नाही, आतल्या चपट्या वायसरवर अडतो. तो वायसरच नव्हता.

ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला तिथं दाद नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरणाऱ्याला आहे, मुदत दोन वर्षांची. वकिलांनी पहिलाच प्रश्न पावतीचा विचारला. माझ्याकडे कोऱ्या कागदावरचा आकडा आणि त्या भलत्या नावाचा फोनवरचा मेसेज. तरी अर्ज लिहायला दिलाय.

तीन केग आता चालतात. रिंगा नव्या टाकल्या, झाकण बसवताना आधी 30 पीएसआय देऊन मग खाली आणतो, आणि रात्री सिलिंडर बंद म्हणजे बंद. चौथा मामांच्या शेडमध्ये, लिंपण तसंच ठेवून. परवा त्या माणसाची नवी जाहिरात मोबाइलवर आली. फोटोत दुसराच केग, काटा 60 वर, शेजारी चहाचा कप.