थायलंडच्या शाळेत फुकट शिकवायला मी १,२४,४९९ रुपये भरले

आधी आकडेच देते, कारण "किती गेले गं?" हे प्रत्येकजण विचारतो आणि मग चुकचुकतो. एका एजन्सीच्या व्हॉलंटियर टीचर प्रोग्रॅमचं रजिस्ट्रेशन ४,९९९. प्रोग्रॅम फी ६८,०००. ऑनलाइन टेफल कोर्स (परदेशात इंग्रजी शिकवायचा) १४,५००, ज्याच्या सर्टिफिकेटवर माझं आडनावसुद्धा धड नव्हतं. "व्हिसा डॉक्युमेंटेशन आणि इन्शुरन्स" २२,०००. रिफंडेबल डिपॉझिट १५,०००, यातला रिफंडेबल शब्द वाचून आता डोकं सटकतं. विमानाचं तिकीट १९,८४० वेगळं, ते मी स्वतः काढलं म्हणून तेवढं तरी खरं निघालं.

बाकी प्रकार तुम्हाला माहितीच असतो. इन्स्टावर हत्ती, देवळं, युनिफॉर्ममधली गोड पोरं, पुण्यात एक छोटं एसी ऑफिस, आणि "मे बॅचला दोनच सीट राहिल्यात ताई". मी एम.ए. इंग्लिश, बी.एड., इथे एका खासगी शाळेत महिना ९,००० वर राबत होते, बायोडेटात परदेशातला अनुभव आला तर पुढे चांगली शाळा मिळेल एवढाच हिशोब होता. यात हाव कुठे आली ते मला कोणीतरी सांगा. आणि चौकशी केली नाही असंही नाही, बाबा स्वतः ऑफिसला आले होते, जीएसटी नंबर तपासला, चालू होता. तो ट्रॅव्हल एजन्सीचा निघाला हे खूप नंतर कळलं. एजन्सीचा माणूस बाबांना म्हणाला, "काका, ताई माझ्या बहिणीसारखी आहे, तुम्ही बिनघोर राहा." पैसे मात्र सुरतच्या कुणाच्या तरी सेव्हिंग अकाउंटला, कारण काय तर "करंट अकाउंटचं लिमिट संपलंय". आपल्याकडे निम्मे क्लासवाले असेच पैसे घेतात, म्हणून तेव्हा विचित्र वाटलं नाही.

वाटायला हवं होतं ते पुढे. थायलंडला जायच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, १ मे २०२५ पासून सुरू झालंय ते. ते "आम्ही भरून देतो" म्हणाले आणि पीडीएफ पाठवली. प्रवासाचं कारण: हॉलिडे. व्यवसाय: स्टुडंट. मी लगेच फोन केला, म्हटलं मी शिकवायला चाललेय ना, हॉलिडे कसं? तर म्हणे, "सगळे असंच भरतात ताई, व्हॉलंटियर व्हिसा तिकडे पोचल्यावर कन्व्हर्ट होतो, इमिग्रेशनला शाळेचं नावसुद्धा काढू नका, उगाच प्रश्न विचारत बसतात." २२,००० व्हिसाच्या कागदपत्रांचे घेतलेत आणि मला पाठवताहेत त्या ६० दिवसांच्या बिनव्हिसाच्या एंट्रीवर, जी भारतीयांना तेव्हा फुकटात मिळत होती! हे मला त्या क्षणी दिसत होतं. स्पष्ट दिसत होतं. पण बॅग भरलेली, मावशी ओटी भरून गेलेली, शाळेतला राजीनामा दिलेला, आणि पैसे पूर्ण भरलेले. अशा वेळी माणूस काय करेल? तुम्ही काय केलं असतंत? आजही रात्री ती पीडीएफ उघडून बघते मी.

ईशान्य थायलंडमधल्या खोन केन शहरापासून आत, एका गावातली सरकारी शाळा. पोरांबद्दल एक वाईट शब्द नाही. सकाळी आठला झेंडा, राष्ट्रगीत, मग पंचेचाळीस पोरांचा वर्ग एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर", हाऊ आर यू म्हटलं की "आयॅम फाइन थँक्यू अँड यू". माझ्या शाळेतली पोरंपण अगदी हेच म्हणायची, त्यामुळे पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं. होमस्टे म्हणजे पंखा असलेली एक खोली, जेवण म्हणजे शाळेच्या कॅन्टीनमधलं दुपारचं. ठीक आहे, सेवेला आलोय म्हणून गप्प बसले.

मग तिथल्या इंग्रजीच्या बाईंनी, थाई बाई, वयाने माझ्या आईएवढ्या, स्टाफरूममध्ये सहज विचारलं की पगार वेळेवर मिळतो ना. मी म्हटलं कसला पगार, मी व्हॉलंटियर आहे. त्यांचा चेहराच बदलला. शाळा माझ्यासाठी एजन्सीला महिना २८,००० बाट देत होती, म्हणजे आपले साधारण ७३,००० रुपये. शाळेला सांगितलेलं की ही इंग्लंडमध्ये शिकलेली टीचर आहे आणि वर्क परमिट प्रोसेसमध्ये आहे. म्हणजे मी इकडून पैसे भरतेय, शाळा तिकडून भरतेय, आणि मधला माणूस दोन्ही हातांनी ओरपतोय!

आणि धोका कोणाला? मला. थायलंडमध्ये परदेशी माणसाला बिनपगारी काम करायलासुद्धा वर्क परमिट लागतं, विनापरमिट सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि वर डिपोर्ट. ठेवून घेणाऱ्यालाही माणशी १०,००० ते १,००,००० बाट दंड आहे, त्यामुळे त्या बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं वर्गावर जाणं बंद. शाळेचं काही चुकलं नाही. टीचर म्हणून रीतसर यायचं तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, व्हॉलंटियरला ओ, दोन्हीला शाळेचं पत्र आधी लागतं, आणि शिक्षकाला तिथल्या खुरुसफाचं म्हणजे शिक्षक परिषदेचं लायसन्स नाहीतर तात्पुरती सूट लागते. "पोचल्यावर कन्व्हर्ट करू" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन स्वतः भरता येतो, त्याला २२,००० लागत नाहीत.

परत आले आणि खरी मजा सुरू झाली. ऑफिस रिकामं, मेसेजला उत्तर एकच: "तुम्ही स्वेच्छेने परत आलात, नो रिफंड." पोलीस स्टेशनला गेले. साहेबांनी पासपोर्ट चाळला, शिक्का बघितला आणि म्हणाले, "पोचलात ना थायलंडला? मग फसवणूक कसली?" मी ॲग्रीमेंट दाखवलं तर म्हणे सही तुमचीच आहे, हा सिव्हिल मॅटर. ऑफिस दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडचे म्हणे पैसे सुरतला गेलेत. सायबरवाल्यांनी विचारलं ओटीपी दिला होता का, नाही म्हटल्यावर मग आमचं नाही. एकाने तर मला समजावलं, "नशीब समजा मॅडम, म्यानमारला नाही नेलं, तिकडच्या पोरांचे काय हाल झाले बघितलं ना." बघितलं की! २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडच्या खोट्या नोकऱ्या दाखवून पोरांना म्यानमारला नेतात याबद्दल सूचनाच काढली होती, ती मला माहितीये, ठाणे अंमलदाराला नव्हती. म्हणजे कोणी तुमचं अपहरण करून डांबलं तरच तुमची तक्रार खरी, नाहीतर तुम्ही फिरून आलेल्या हौशी बाई! बाबा बाकावर बसून होते, त्यांना कोणी पाणी विचारलं नाही. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) कलम आणि झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो तो) हे शब्द मी उच्चारल्यावर "वकील आहात का?" असं विचारलं. बँक म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

तर तुम्ही तोंडी बोलत बसू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पैसे गेल्यागेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, महिन्यांनी करून खातं रिकामंच सापडतं. परदेशी पाठवणारा एजंट ई-मायग्रेटवर, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा, नोंदलेल्याला ३०,००० अधिक जीएसटी याच्यावर घेताच येत नाही. माझ्यावाल्याला हे म्हटलं तर हसून म्हणाला, "ही नोकरी नाही ना ताई, सेवा आहे, तो कायदा लागू नाही." आणि शाळेचं नाव मिळालं की थेट शाळेला मेल करा, एजंटला न सांगता, मोडकंतोडकं उत्तर येईल पण येईल.

सध्या ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये. ती स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि एकाच माणसाने गंडवलेले अनेकजण एकत्रही करू शकतात, म्हणून मे बॅचच्या मुलींना शोधतेय. दोघी सापडल्या, एकीच्या घरी अजून माहितीच नाहीये. तो माणूस मात्र नव्या नावाने व्हिएतनामची बॅच काढतोय, प्रोग्रॅम फी ८४,०००, दोनच सीट राहिल्यात.