सतराशे रुपये वाचवले, त्याची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करून मला एकवीस वर्षं झाली. कास्टिंग आलं की आधी व्हर्नियर लावायचा, मगच जॉब चकमध्ये धरायचा, ही सवय. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जॉबच्या पोटात ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, असतं आणि दोन एमएमचा कट मारला की ते उघडं पडतं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तोच मी सोळा हजार आठशे रुपये मोजून मोबाईल घरी आणला आणि डब्यावरचं लेबलसुद्धा वाचलं नाही.

पोरगी पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, टिळकवाडीत जाऊ लागली. दहावीला मार्क चांगले पडले तर फोन, असं कबूल करून बसलो होतो. जूनचा पहिला पगार झाल्यावर शनिवारी दोघं पिरनवाडीहून बसनं बाजारात गेलो. पाऊस असा, की छत्री उलटी होत होती. पहिल्या दुकानात गर्दी होती म्हणून पुढच्या गल्लीतल्या दुकानात शिरलो. तिथला पोरगा बोलायला गोड. मॉडेल ठरलं. डब्यावर छापील किंमत १९,९९९. "काका, तुम्हाला साडेअठराला देतो," म्हणाला. मी जरा घुटमळलो, तोवर आतून मालक म्हणाला, "बिल नको असेल तर सोळा आठशेला न्या की. जीएसटीचं लफडं कशाला?"

सतराशे रुपये! मी लगेच होय म्हटलं. पोरगी "बाबा, बिल घ्या की" म्हणत होती, मी तिलाच गप्प केलं.

आता कळलंय ते सांगतो. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, पण डब्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. बिल मागितलं म्हणून कुणी त्यावर आणखी टक्के चढवू शकत नाही. बिल द्यायचं नसलं तर दुकानदाराला तो पीस कागदावर येऊ द्यायचा नसतो, एवढाच अर्थ. आपण सीमेवरची माणसं, कधी कोल्हापूरला घेतो, कधी गोव्यात, म्हणून एक बारीक गोष्ट: जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बेळगावच्या दुकानाच्या बिलावर २७ दिसलं तर माल कुणाच्या नावानं विकला जातोय ते तिथल्या तिथं विचारा. मला हे बघायचा प्रसंगच आला नाही, कारण मला मिळाली एस्टिमेटची चिठ्ठी. मॉडेलचं नाव, रक्कम आणि खाली गिचमिड अक्षरात "वारंटी कंपनी". ना शिक्का, ना आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख नंबर.

दहा हजार क्यूआरवर टाकले. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव यायला हवं, तर आलं कुणा भलत्याच माणसाचं. विचारलं तर, "आमचा मेव्हणाच आहे की." बाकी रोख दिले.

आणि सील? "टफन ग्लास फुकट लावून देतो," म्हणत पोरगा डबा घेऊन आत गेला. मी पाऊस बघत उभा. पाचएक मिनिटांत फोन चालू होऊन, काच चिकटून, कव्हरात बसून बाहेर आला. सील कुणी फोडलं, मुळात होतं की नाही, मी बघितलंच नाही.

तिसऱ्या रात्री फोन टेबलावर पडलेला, जवळ कुणी नाही, आणि स्क्रीनवर कीबोर्ड आपोआप उघडून 'ळळळळळ' उमटत चाललेलं. पोरगी घाबरून हाक मारायला आली. चौथ्या रात्री सव्वा वाजता त्यानं गडहिंग्लजच्या मावशीला आपणहून फोन लावला. एवढ्या रात्री फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असं समजून ती बाई उठून रडायलाच लागली होती.

दुकानात गेलो. काचेमुळं होतंय, म्हणून काच बदलली. दोन दिवसांनी गेलो, तर म्हणे चार्जर दुसरा लावता का? ह्या गोष्टी अगदीच खोट्या नाहीत, म्हणून माझा विश्वास बसला. हलक्या चार्जरनं टच खरोखर भरकटतो, जाड काचेनंही टचला त्रास होतो. पण चार्जर काढून, काच काढून, फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरची ॲप बंद ठेवून, चालू करूनही स्क्रीन आपोआप दाबली जात असेल तर दोष बहुतेक डिस्प्लेचा. घरी पाच मिनिटांत बघता येतं. मी मात्र त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कंपनीचा अपडेट येणार होता. मालक नव्हता, आणि पोरग्यानं कानडीत सांगितलं, "नाळि बर्री." उद्या या.

लहानपणी आम्ही ऐकलेलं, की रात्री दार वाजवत एक भूत फिरतं आणि दारावर 'नाळे बा' लिहिलं की ते वाचून परत जातं, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचतं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मला त्या भुताची दया आली.

नवव्या दिवशी मालक भेटला. म्हणाला, "बदलून द्यायला सात दिवस असतात. सात दिवसांत यायचं होतं की." अहो, त्या सात दिवसांत मी तीनदा येऊन गेलो! पण एकाही वेळी काही लिहून घेतलं नव्हतं, मेसेजसुद्धा टाकला नव्हता. वर आणखी, "पावसात भिजवला असणार."

बाराव्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला पोरगा सरळ होता. त्यानं पिननं सिमचा ट्रे बाहेर काढला आणि टॉर्च मारून आतली बारकी पट्टी मला दाखवली. पाणी लागलं की ती गुलाबी होते, माझी पांढरीशुभ्र. म्हणजे पावसाचा दोष नव्हता. मग त्यानं आयएमईआय टाकला, स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, "सर, हा जानेवारीत चालू झालाय." मी घेतला जूनमध्ये. पुढं बघितलं तर डिस्प्लेच्या कडेचा गम वेगळा आणि आतल्या स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं. बाहेर कुठंतरी उघडून दुसरा डिस्प्ले बसवलेला, त्यामुळं वॉरंटी बाद. शेवटी त्यानं डबा आणि फोन शेजारी ठेवले. डब्यावरच्या आणि फोनमधल्या आयएमईआयचे शेवटचे पाच आकडे जुळत नव्हते. दुसऱ्याच फोनचा डबा!

ते सगळं त्याच्याकडून जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या तपासणीच्या कागदावर, लिहून घेतलं, तारखेसकट. तो म्हणाला दुरुस्ती होणार नाही तर जॉबशीट कशाला, पण मी हटलो नाही. एवढं एक काम माझ्या हातून नीट झालं.

दुकानात जॉबशीट पुढं केलं. मालकानं डबा उलटापालटा केला आणि म्हणाला, "डबा आमचा असेल. फोन आमचा कशावरून?" चिठ्ठीवर आयएमईआय का नव्हता, ते मला त्या क्षणी समजलं. गावातली चार माणसं घेऊन जावं, असंही डोक्यात आलं होतं. बायकोनं अडवलं.

मग १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला. मराठीत बोलता आलं, तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. पण ते मध्यस्थी करतात, हुकूम काढू शकत नाहीत, आणि दुकानदार उत्तरच देईना. शेवटी शेजारचे मास्तर कामाला आले. ते कानडी शाळेत शिकवतात. माझं मराठी ऐकून त्यांनी कानडीत नोटीस लिहिली. म्हणाले, "तुमचे तीस दिवस अजून सरले नाहीत, तेवढ्यात पाठवू." ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, विकलेल्या मालाचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. शिवाय सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे ते सात दिवस त्याच्या तोंडचे, कागदावर कुठंच नाहीत. सव्विसाव्या दिवशी नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानं गेली. सोबत जॉबशीटची, क्यूआरच्या पावतीची आणि एका फोटोची प्रत. फोटो पोरीनं दुकानातच जुन्या फोननं स्टेटससाठी काढला होता. काउंटरवर डबा, नवा फोन आणि मागं दुकानाचं कॅलेंडर. त्यात आयएमईआय नाही, पण दुकान ओळखू येतं.

तिसऱ्या दिवशी मालकाचाच फोन. "काका, घरातली माणसं आपण." अकरा हजार देतो, फोन द्या, आणि तक्रार नाही असं लिहून द्या.

जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो तर पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावातच. मास्तर म्हणत होते जा. पण तिथल्या पाच-सहा तारखा म्हणजे माझ्या कामाच्या पाच-सहा हजेऱ्या बुडणार. मी अकरा हजार घेतले आणि सही केली. मास्तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाच हजार आठशे गेले. तो फोन आता कुणाच्या खिशात ळळळळ करत असेल कोण जाणे, याचाही त्रास होतो.

१४४२२ नंबरवर इंग्रजीत केवायएम आणि जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस केला की कंपनी-मॉडेल कळतं, फोन ब्लॉक केलेला असेल तर तेही. मी त्या फोनचाही आयएमईआय टाकून बघितला होता, मॉडेल बरोबर आलं. पण जुना की नवा ते त्यात कळत नाही. त्यासाठी, कंपनीच्या साईटवर सोय असेल तर, तिथं आयएमईआय टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघायचं, आणि तेही पैसे द्यायच्या आधी.

ऑगस्टमध्ये दुसरा फोन घेतला, दुसऱ्या दुकानात, बिलावर. सील मी फोडलं. पोरीनं स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं आणि स्क्रीनवरचे आकडे मोठ्यानं वाचू लागली. मी चष्मा लावून डब्यावर बोट ठेवत होतो, सेल्समन बिलावर. दोन सिमचा फोन, म्हणून पंधरा-पंधरा आकड्यांचे दोन नंबर. मागं रांगेत उभा असलेला एक पाव्हणा वैतागून म्हणाला, "ओ काका, फोन घेताय की जमीन?" मी मान वर न करता पोरीला म्हटलं, "नववा आकडा परत सांग."