टोंगाचं नाणं घ्यायचं तर कौला की हाउ?

प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटराज्याचं एकच मौल्यवान धातूचं नाणं संग्रहात ठेवायचं झालं, तर 1962 चं सोन्याचं कौला आणि 1967 चं पॅलेडियमचं हाउ, असे दोन तगडे पर्याय समोर येतात.

हाउ हे अस्सल स्मारक नाणं. 4 जुलै 1967 रोजी राजे तौफाआहाउ तुपोउ चौथे यांचा राज्याभिषेक झाला, त्यानिमित्त पाव, अर्धा आणि एक हाउ काढले. नाण्यासाठी पॅलेडियम वापरणं तेव्हा दुर्मीळ होतं, त्यामुळे धातूचं आकर्षण आहेच. हिशेबही सरळ: एक हाउ म्हणजे 100 पांगा (टोंगाचं चलन). त्याच वर्षी 3 एप्रिलला टोंगाने पौंड सोडून पांगा स्वीकारला होता. एका पौंडाला दोन पांगा आणि एका पांगाचे 100 सेनिती. ऑस्ट्रेलियाने वर्षभर आधी एका पौंडाचे दोन डॉलर केले होते, तीच ही पट.

कौला मात्र पौंडाच्या जमान्यातलं. त्याआधी टोंगाच्या स्वतःच्या नोटा होत्या, पण नाणी बाहेरचीच चालत. तेव्हाच्या राणी सालोटे तिसऱ्या यांची प्रतिमा असलेलं हे सोनं म्हणजे देशाच्या नाणेइतिहासाची सुरुवात. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

बजेट कमी असेल, तर 1967 ची साधी सेनिती नाणी जरूर बघा. सालोटे डिसेंबर 1965 मध्ये वारल्या होत्या, तरी या नाण्यांवर चेहरा त्यांचाच आहे; नव्या राजाचा चेहरा 1968 पासून आला.