वाचनालय उत्तम, हिशेबाचा फळा मात्र कोरा

सोलापुरातील आमच्या भागातल्या एका अनुदानित सार्वजनिक वाचनालयाचा मी सहा वर्षे सभासद आहे. उन्हाळ्यातही गार राहणारी वाचनाची खोली आणि मागितलेले पुस्तक शिडीवर चढून काढून देणारे ग्रंथपाल, या दोन गोष्टींना पूर्ण गुण द्यावे लागतील. तक्रार आहे ती कारभाराची. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता घेऊन परिरक्षण अनुदान उचलणाऱ्या संस्थेने कोणती पुस्तके किती रकमेला घेतली, हे सभासदाला विचारावे लागू नये. येथे मात्र सूचनाफलकावर दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची पिवळी पडलेली नोटीस आहे आणि ताळेबंद मागितल्यावर ‘सचिव आले की बघू’ एवढेच उत्तर मिळते.

कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकांकडून प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत विनामूल्य मिळते, आमच्या वाचनालयाला ती विकत घ्यावी लागते. म्हणून तर खरेदीचा हिशेब येथे अधिक महत्त्वाचा. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावण्याची वेळ माझ्यावर आली, ती (खरे सांगायचे तर) ग्रंथपालांचा संकोच पाहून मलाच जड गेली. अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे. पाचपैकी तीन तारे, तेही ग्रंथपालांसाठी.